विश्लेषण : उन्हाळ्यात कोंबडी पाणी जास्त पिते, मग वजन कमी का भरते?

मुंबईत उन्हाळा आता मार्चची वाट पाहत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात सांताक्रूझ येथे पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि हवामान विभागाला फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्याआधीच्या वर्षी, १६ एप्रिल २०२४ रोजी, याच केंद्रावर ३९.७ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधील चिकनच्या दुकानांत दोन गोष्टी हमखास दिसतात. पिंजऱ्यातल्या कोंबड्या चोच उघडी ठेवून धापा टाकत असतात आणि त्यांचा आकार हिवाळ्यातल्यापेक्षा लहान असतो. या दोन्ही गोष्टींचा संबंध पाण्याशी आहे. तो कसा, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजते, हे समजून घेऊ या.

ब्रॉयलर कोंबडीला पाणी किती लागते?

ब्रॉयलर म्हणजे केवळ मांसासाठी वाढवली जाणारी कोंबडी. साधारण ४० ग्रॅमचे एक दिवसाचे पिल्लू शेडमध्ये येते आणि ३५ ते ४० दिवसांत सुमारे दोन किलोचे होते. या वाढीमागे इंजेक्शने किंवा हार्मोन असतात, असा समज अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतो. प्रत्यक्षात हा अनेक पिढ्यांच्या निवड पैदाशीचा आणि मोजूनमापून दिलेल्या खाद्याचा परिणाम आहे. पण खाद्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे ‘पोषण’ म्हणजे पाणी. कोंबडीच्या शरीराचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याचा असतो. खाद्याशिवाय ती काही दिवस तग धरते, पाण्याशिवाय नाही.

कुक्कुटपालनात यासाठी एक साधे गणित वापरले जाते. २० ते २१ अंशांच्या आसपास हवा असेल, तर कोंबडी जितके खाद्य खाते त्याच्या सुमारे १.८ ते २ पट पाणी पिते. म्हणजे १०० ग्रॅम खाद्यामागे जवळपास २०० मिलिलिटर पाणी. हवा तापू लागली की हे गुणोत्तर बदलते. २१ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे पाण्याची गरज सुमारे सहा ते सात टक्क्यांनी वाढते, असे मानले जाते. पारा ३२-३३ अंशांवर गेला की कोंबडी खाद्याच्या तिप्पट आणि त्याहूनही जास्त पाणी पिऊ लागते.

एवढे पाणी जाते कुठे?

माणसाला घाम येतो, कोंबडीला येत नाही. तिच्या त्वचेत घामाच्या ग्रंथीच नसतात आणि अंगावर पिसांचे पांघरूण असते. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. हवा थंड असेल तेव्हा शरीरातली उष्णता आपोआप बाहेर पडते. हवेचे तापमान शरीराच्या जवळ पोहोचू लागले की हा मार्ग आक्रसतो आणि एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे धाप टाकणे. चोच उघडून भराभर श्वास घेताना श्वसनमार्गातल्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफ होताना ती शरीरातली उष्णता घेऊन जाते.

हा उपाय किती परिणामकारक आहे, हे आकड्यांत पाहता येईल. २० अंशांचे एक लिटर पाणी पोटात जाऊन ४१ अंशांपर्यंत तापले, तर ते २१ किलोकॅलरी उष्णता शोषते. तेच एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडले, तर सुमारे ५७५ किलोकॅलरी उष्णता सोबत नेते. म्हणजे उन्हाळ्यात कोंबडी पिते त्या जादा पाण्याचा मोठा हिस्सा शरीरात राहतच नाही. तो श्वासावाटे आणि पातळ विष्ठेवाटे बाहेर जातो. जास्त पाणी प्यायली म्हणजे वजन वाढले, असे म्हणूनच होत नाही.

मग वजन कमी का भरते?

खाद्य पचवताना शरीरात उष्णता तयार होते. आधीच तापलेली कोंबडी ही उष्णता टाळण्यासाठी खाणे कमी करते. ३० अंशांपर्यंत ही घट हळूहळू होते, त्यानंतर मात्र वेग घेते. शिवाय जे खाल्ले जाते, त्यातली ऊर्जा वाढीऐवजी धापा टाकण्यात खर्च होते. रक्तपुरवठाही आतड्यांकडून त्वचेकडे वळतो, त्यामुळे पचनाला फटका बसतो.

सततच्या धापेने आणखी एक गोष्ट बिघडते. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो आणि रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते. सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार शरीराबाहेर जातात. म्हणूनच उन्हाळ्यात पोल्ट्रीवाले पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि ‘क’ जीवनसत्त्व मिसळतात. माणसाने उन्हातून आल्यावर ओआरएस घ्यावे, तसाच हा प्रकार.

यात वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना उलट ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते, त्यासाठी शेडमध्ये बल्ब किंवा शेगड्या लावल्या जातात. चौथ्या आठवड्यापासून चित्र पालटते. दीड-दोन किलोच्या कोंबडीला १८ ते २४ अंश मानवतात. म्हणजे पक्षी जितका मोठा, तितका त्याला उन्हाचा धोका जास्त. बरेच शेतकरी आणि कंपन्या उन्हाळ्यात दोन किलोपर्यंत न थांबता आधीच माल काढतात. दुकानात छोट्या कोंबड्या दिसतात त्यामागे वाढ मंदावणे हे एक कारण आहे आणि लवकर केलेली विक्री हे दुसरे.

कोकणातला उन्हाळा वेगळा का?

मराठवाड्यात ४२ अंश असतात, मुंबई-ठाण्यात ३४. मग इथल्या कोंबडीला त्रास कमी व्हायला हवा, असे वाटू शकते. पण धाप टाकून थंड होण्याची क्रिया हवेतल्या आर्द्रतेवर अवलंबून असते. दोरीवरचे कपडे दमट दिवशी लवकर वाळत नाहीत, तसेच कोंबडीच्या श्वासातला ओलावाही दमट हवेत सहज उडत नाही. धाप चालू राहते, पाणी जाते, पण थंडावा पुरेसा मिळत नाही. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातील मे महिना म्हणून कोंबड्यांसाठी अवघड असतो. तापमान फार चढत नाही, पण रात्रही पुरेशी थंड होत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वेगळा धोका असतो. पूर्वेकडून कोरडे, तप्त वारे येतात आणि समुद्री वारे उशिरा सुरू होतात, तेव्हा पारा एका दिवसात चार-पाच अंशांनी उसळतो. हवामान विभाग किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तेव्हा उष्णतेची लाट मानतो. पक्ष्यांना हळूहळू तापणाऱ्या हवेची सवय होऊ शकते. अचानक आलेल्या लाटेत मात्र मरतूक वाढते, तीही बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी.

मुंबईकरांच्या ओळखीचा ‘ऑक्टोबर हिट’ हा याच यादीतला दुसरा धोक्याचा काळ. पावसाळा संपल्याने शेतकरी निर्धास्त असतो, जमिनीत ओल असते आणि वरून ऊन तापते.

पावसाळा आणि हिवाळ्यात काय होते?

पावसाळ्यात हवा थंड होते, पाणी पिणे कमी होते आणि खाणे सुधारते. पण इथे प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नसून दर्जाचा असतो. विहिरी आणि बोअरवेलमध्ये गढूळ पाणी उतरते, त्यासोबत जंतू येतात. क्लोरीन न टाकता हे पाणी दिले, तर ई-कोलायसारखे संसर्ग संपूर्ण शेडमध्ये पसरतात. जमिनीवर अंथरलेला भाताचा तूस ओला होतो, त्याचे थर चिकटतात आणि अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो. ओल्या तुसात रक्ती हगवणीचा आजार, म्हणजे कॉक्सिडिओसिस, फोफावतो. मक्याला बुरशी लागून त्यातून विषबाधा होण्याचा धोकाही याच दिवसांत असतो.

हिवाळा हा ब्रॉयलरच्या वाढीसाठी सर्वांत अनुकूल. कोंबडी भरपूर खाते, पाणी कमी पिते, वजन लवकर भरते. मात्र नाशिक-पुण्याकडे रात्रीचा पारा बराच खाली गेला, तर खाद्याचा काही भाग केवळ अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. थंडी अडवायला पडदे पूर्ण बंद केले की शेडमध्ये अमोनिया साठतो, प्राणवायू कमी पडतो आणि श्वसनाचे विकार तसेच पोटात पाणी होण्याचा आजार, म्हणजे जलोदर, दिसू लागतो. मुंबईलगतच्या पट्ट्यात थंडी सौम्य असल्याने हा त्रास तुलनेने कमी होतो.

एका शेडला किती पाणी लागते?

पाच हजार पक्ष्यांचे एक साधे शेड धरू. पाच आठवड्यांची कोंबडी थंड दिवसांत रोज साधारण १६० ग्रॅम खाद्य खाते. दुपटीच्या हिशेबाने तिला ३२० मिलिलिटर आणि पूर्ण शेडला १,६०० लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात तिचे खाद्य १४० ग्रॅमवर आले आणि पाणी तिप्पट झाले, तर एका पक्ष्याला ४२० मिलिलिटर आणि शेडला २,१०० लिटर पाणी लागेल. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला, तर ही पंधरा-सोळा माणसांची दिवसाची गरज झाली. छतावर फवारणी, फॉगर आणि स्वच्छतेचे पाणी वेगळेच.

संपूर्ण बॅचचा विचार केला, तर दोन किलोची कोंबडी तयार होईपर्यंत सौम्य हवामानात सुमारे सहा लिटर आणि कडक उन्हाळ्यात आठ ते नऊ लिटर पाणी पिते, असा अंदाज याच गुणोत्तरांवरून बांधता येतो. पाच हजार पक्ष्यांसाठी हा फरक दहा ते पंधरा हजार लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरच्या एक ते दीड टँकरचा आहे.

एक किलो चिकनमागे जगभरात सरासरी ४,३०० लिटरहून अधिक पाणी लागते, हा आकडा अनेकदा वाचायला मिळतो. त्यातले बहुतांश पाणी मका आणि सोयाबीन पिकवण्यासाठीचे असते. त्या तुलनेत कोंबडीचे पिण्याचे पाणी अगदी थोडे आहे. पण शेतातल्या पिकाला पावसाचे पाणी चालते आणि ते वर्षात एकदा मिळाले तरी भागते. शेडला स्वच्छ पाणी रोज, ठरलेल्या वेळी आणि नेमके टंचाईच्या महिन्यांत जास्त लागते.

मुंबईच्या पाण्याशी याचा संबंध काय?

उपनगरांत येणाऱ्या जिवंत कोंबड्या ठाणे, पालघर, रायगड, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतून तसेच गुजरातमधून येतात. नाशिक महामार्गावरून येणाऱ्या गाड्या मुलुंडमार्गे घाटकोपरकडे जातात, तर पालघर आणि गुजरातकडच्या दहिसरमार्गे बोरिवली, अंधेरीकडे. शहापूर, मुरबाड, वाडा, कर्जत या भागांत भातशेतीला जोड म्हणून ब्रॉयलरची शेड उभी राहिली आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय झाला होता. एका लहान परिसरात किती पक्षी वाढवले जातात, याची कल्पना त्यावरून येते.

याच शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून त्यात एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा आहे. मुलुंडच्या इमारतीत नळाला येणारे पाणी आणि तिथल्या दुकानात येणारी कोंबडी, दोन्ही अनेकदा एकाच बाजूने येतात. मात्र एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या अनेक गाव-पाड्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते, हे दरवर्षीचे चित्र आहे. गावच्या विहिरीने तळ गाठला असताना शेडसाठी पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न पोल्ट्रीधारकाला त्याच आठवड्यांत पडतो. त्याच्या कोंबड्या तेव्हाच सर्वाधिक पाणी पीत असतात.

याचा खर्च कोण उचलतो?

राज्यातील ब्रॉयलर व्यवसायाचा मोठा भाग करार पद्धतीने चालतो. कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे देते. शेड, मजुरी, वीज आणि पाणी शेतकऱ्याचे. बॅच संपल्यावर त्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो आणि तो दोन गोष्टींवर कमी-जास्त होतो. एक म्हणजे किती पक्षी मेले आणि दुसरी, एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले. या दुसऱ्या मापाला ‘एफसीआर’ म्हणतात. चांगल्या बॅचमध्ये तो १.६ च्या आसपास असतो.

उन्हाळा या दोन्ही मापांवर घाव घालतो. मरतूक वाढते, एफसीआर बिघडतो आणि त्याच वेळी टँकर व पंख्यांचा खर्च वाढतो. म्हणजे उत्पन्न घटण्याचे आणि खर्च वाढण्याचे कारण एकच, आणि दोन्हींचा भार बराचसा शेतकऱ्यावर. स्वतःच्या पैशाने पिल्ले आणणाऱ्या खुल्या पोल्ट्रीधारकाला याशिवाय बाजारभावाचीही जोखीम असते. उष्णतेची लाट येताच सगळेच घाईने माल काढतात, तेव्हा भाव पडतो. पुढे शेडमध्ये पिल्ले कमी टाकली जातात आणि महिना-दीड महिन्याने आवक घटून भाव चढतो. श्रावणात मागणी उतरते, तेव्हा हे चक्र पुन्हा फिरते.

काही दिलासा धोरणातून मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धन व्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यात २५ हजारांपर्यंत मांसल पक्षी असलेल्या पोल्ट्रींना कृषी दराने वीज देण्याची तरतूद आहे. पंप, पंखे आणि फॉगर विजेवर चालत असल्याने उन्हाळ्यात याचा उपयोग होईल. पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

शेवटच्या प्रवासात काय होते?

शेडमधून निघालेली कोंबडी दुकानात पोहोचेपर्यंतचे तास तिच्यासाठी सर्वांत कोरडे असतात. गाडी भरण्याच्या काही तास आधी खाद्य बंद केले जाते. त्यानंतर वजनात साधारण ताशी पाव ते अर्धा टक्का घट होते, उन्हात ती वाढते. समजा हजार पक्ष्यांची, दोन टन वजनाची गाडी आहे आणि पोहोचेपर्यंत चार टक्के घट झाली, तर ८० किलो माल वाटेतच ‘उडून’ गेला. या घटीत मोठा वाटा शरीरातल्या पाण्याचाच असतो. म्हणून गाड्या शक्यतो रात्री निघतात आणि पहाटे उपनगरांत पोहोचतात. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांसाठी स्वतंत्र तरतुदी जोडल्या गेल्या असून, पक्ष्यांचे ऊन-पावसापासून संरक्षण करणे त्यात अपेक्षित आहे.

दुकानातल्या पिंजऱ्यात पाण्याचे भांडे असते का, पिंजरा सावलीत असतो का, हे ग्राहकाला सहज पाहता येते. पाणी आणि सावली मिळालेला पक्षी कमी ताणात असतो. तीव्र उष्णतेच्या ताणात कापलेल्या कोंबडीचे मांस फिके, मऊ आणि पाणी सुटणारे होऊ शकते. शिजवताना ते जास्त आटते. म्हणजे हा प्रश्न प्राण्यांच्या हालांचा आहे, तसा ताटातल्या चिकनच्या दर्जाचाही आहे.

उपाय काय आहेत?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी थंड ठेवणे. पत्र्यावर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी ३८ अंशांपर्यंत तापू शकते. असे एक लिटर पाणी कोंबडीच्या शरीरातली जेमतेम तीन किलोकॅलरी उष्णता घेईल, २० अंशांचे २१ घेईल. शिवाय गरम पाणी कोंबडी पीतच नाही. टाकीवर सावली, ओले बारदान, जमिनीखालून नेलेली पाइपलाइन आणि दुपारी पाइपमधले तापलेले पाणी सोडून देणे, एवढ्यानेही फरक पडतो. निपल तुंबलेले नाहीत ना आणि ते पक्ष्यांच्या उंचीला आहेत ना, हेही पाहावे लागते.

छताला चुना मारणे, त्यावर भाताचा पेंढा अंथरणे, गर्दी कमी ठेवणे, खाद्य पहाटे आणि रात्री देऊन दुपारी बंद ठेवणे, या गोष्टी अनेक शेतकरी करतात. फॉगर मात्र कोकणात जपून वापरावे लागतात. हवा आधीच दमट असताना पंख्यांशिवाय फवारा मारला, तर आर्द्रता वाढून धाप आणखी निकामी होते. पूर्ण बंदिस्त, वातानुकूल शेड हा मोठ्या गुंतवणुकीचा मार्ग आहे आणि दमट दिवशी त्याचे ओले पॅडही हवा कमीच थंड करतात.

वाणांच्या पातळीवरही प्रयत्न झाले आहेत. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या जनुकाचा वापर करून उष्ण हवामानासाठी ब्रॉयलर विकसित केले. मानेवर पिसे नसल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. अंधेरी आणि बोरिवलीच्या मधोमध, आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे आणि तिथे कुक्कुटपालनाचे प्रशिक्षणही दिले जाते.

पण सगळ्यात आधी हवा आहे पाण्याचा हिशेब. बहुतेक शेडमध्ये खाद्याची पोती मोजली जातात, पाणी मोजले जात नाही. टाकीला एक साधे मीटर बसवले, तर पक्षी आजारी पडण्याआधीच पाणी पिण्यातला बदल दिसतो. उन्हाळ्यात किती टँकर लागतील, याचाही अंदाज बॅच टाकण्याआधी बांधता येतो. आणि करारातला मोबदला ठरवताना उन्हाळ्याच्या बॅचला वेगळा दर का असावा, हे सांगायला शेतकऱ्याच्या हातात आकडा असतो.